मनगटावरची आई

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणतात. तोंडावर टाचणीबाई, पाठीमागे नुसतं टाचणी. एक कारण असं, की दिवसभर तिच्या ओठांत चार-सहा टाचण्या धरलेल्या असतात. दुसरं असं, की त्या काढून ठेवल्या तरी तिच्या बोलण्यात फारसा फरक पडत नाही. कपडे आल्टर करायचं तिचं दुकान आहे. पुढे काचेचं दार, आत एक शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, पडदा लावलेला कोपरा आणि उभा आरसा. नवं ती काही शिवत नाही. पँट आखूड करणं, कोटाच्या बाह्या वर घेणं, बिघडलेल्या चेन बदलणं, लग्नाआधी घेतलेला शर्ट लग्नानंतरच्या पोटाला बसवणं, असली कामं. 'शिवणारे पुष्कळ मिळतील, नीट उसवणारी एखादीच,' असं ती गिऱ्हाइकांना सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. गेला म्हणजे वारला नाही, नुसताच गेला. मग मशीनशेजारच्या चिंध्यांच्या खोक्यात बसून मुलगी मोठी झाली. पहिली अक्षरं तिने कापडावर खुणा करायच्या खडूने गिरवली. आता ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. नवरा चांगला मिळाला, घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर मिळालं, आणि सोबत एक सासूही मिळाली.

ह्या विहीणबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वाक्य कधी अर्धवट सोडायच्या नाहीत. क्रियापद आल्याशिवाय त्यांचं बोलणं संपत नसे, आणि समोरच्याचंही त्या संपू देत नसत. लग्न ठरवायला आल्या त्या दिवशीच दुकानाच्या पाटीवरच्या 'शीलाई'तली दीर्घ वेलांटी त्यांनी दाखवून दिली होती. टाचणीने ती अजून बदललेली नाही. मुद्दाम. एवढ्या शिस्तीच्या बाईंना एकच नाद होता, तो गोड गोळ्यांचा. चपलांच्या कपाटावर, टीव्हीखाली, उशाशी, जो खण उघडावा त्यात गोळ्यांची नळी. टाचणीला हे कळलं तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हातारपणी लहान पोरासारख्या चघळतात, असं तिने शेजारच्या दुकानात दोनदा तरी सांगितलं असेल.

लेक सासूला आई म्हणायची. ह्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं टाचणी न विचारता सांगत सुटायची, त्यावरून काय ते समजावं. पण तिच्याजवळ एक तोड होती. लेक सासूशी बोलताना 'अहो आई' म्हणायची आणि तिच्याशी बोलताना 'अगं आई'. सासू अहो, आई अगं. त्यांना मान आहे, मला माया आहे, असा हिशेब तिने मनाशी घातला होता आणि त्या एका 'अगं'वर दोन वर्षं काढली होती.

मग ते घड्याळ आलं. काळं, चौकोनी, काटे नसलेलं. लॅबमध्ये दिवसभर हातांत ग्लोव्ह्ज, त्यामुळे फोन एप्रनच्या खिशातून बाहेर काढायची सोय नाही. घड्याळ मनगटावर थरथरतं, कोण बोलावतंय ते दिसतं, कानात बारीकसं यंत्र असतं त्यातून बोलता येतं. लेक एका संध्याकाळी आपला पांढरा कोट घेऊन दुकानात आली.

"अगं आई, ही डावी बाही इंचभर वर घे ना. घड्याळ झाकलं जातं."

"नुसती डावी? दोन बाह्या दोन मापांच्या दिसतील."

"दिसू देत. रक्ताच्या बाटल्यांना काय कळतंय?"

टाचणीने तिला आरशासमोर उभं केलं, बाही दुमडली, ओठांतली एक टाचणी काढून लावली. दुसरी लावणार तोच तिच्या बोटांखाली लेकीचं मनगट थरथरलं. काच उजळली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत आलं: आई.

टाचणीला आधी वाटलं, आपल्याच हातून कुठेतरी काहीतरी दाबलं गेलं. तिने टेबलाकडे पाहिलं. तिचा फोन इस्त्रीशेजारी पालथा पडला होता. आई इथे गुडघे टेकून बसलेली, आणि आईचा फोन येतोय. तेवढ्यात लेक टाचण्यांची पर्वा न करता हात कानाशी नेऊन म्हणाली, "हो आई, काय झालं?"

दोन मिनिटं 'हो, हो' करून तिने फोन ठेवला. "आईंचा होता," ती म्हणाली. जसं काही टाचणीला कळलं नव्हतं.

बाही तिने घेतली. सव्वा इंच वर घेतली, टीपही दुहेरी मारली. काम म्हणजे काम. पण धागा तोडताना तिच्या मनात आलं ते असं, की आपण आपल्या हाताने ही बाही आखूड केली ती कशासाठी, तर त्या बाईचं नाव नीट दिसावं म्हणून. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तिने लेकीला फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. तिसऱ्या दिवशीही तेच. तसं हे नेहमीचंच होतं. दुपारी तिचा फोन कधीच उचलला जात नसे, संध्याकाळी सातला, लॅबमधून सुटून घराकडे निघालं की लेक उलटा फोन करायची आणि म्हणायची, "अगं, फोन केला होतास ना? बोल." मग दोघी बोलत बसायच्या. कुणाची चेन अडकली, लॅबमधल्या मॅडम कुणावर कडाडल्या, जावई पुन्हा पाच दिवस बाहेरगावी कसा गेला. लेक घरी पोचली तरी जिन्यात उभी राहून बोलायची. लग्न झाल्यापासून हे असं चाललं होतं आणि टाचणीला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. दुपारी काम असतं म्हणून उचलत नाही, हे ठीक. मग सासूचा कसा उचलतेस?

शेजारी मोबाईलची कव्हरं विकणारा एक गृहस्थ होता. त्याच्या मनगटावरही तसलंच घड्याळ होतं. टाचणी त्याच्या पँटची चेन फुकट बदलून देते, म्हणून तो तिला वचकून असायचा.

"मला सांग," ती म्हणाली, "फोन आला की तो घड्याळात पण येतो ना?"

"येतो. पण कुणाचा येऊ द्यायचा ते आपण ठरवायचं, बाई. नाहीतर दिवसभर हाताला मुंग्या येतील. बँकेचं आलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर फुलं आली, सगळंच मनगटावर कशाला? घड्याळाचं अॅप असतं फोनमध्ये. त्यात माणसं निवडायची. निवडलेली घड्याळावर वाजतात, बाकीची खिशात गप्प राहतात."

"म्हणजे काही मनगटावर आणि काही खिशात."

"बरोबर बोललात."

"तुझ्या मनगटावर कोण आहे?"

"बायको," तो म्हणाला आणि जरा थांबून पुढे म्हणाला, "तिनेच निवडली."

टाचणीने त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. अॅप कसं दिसतं, निवडलेल्यांची यादी कुठे असते, नावापुढचं बटण हिरवं म्हणजे चालू आणि करडं म्हणजे बंद. त्याने विचारलं, तुम्ही घेताय की काय घड्याळ? ती म्हणाली, बघू. पण तिच्या डोक्यात काय शिजत होतं ते तिचं तिलाच ठाऊक.

रविवारी ती कोट द्यायला म्हणून लेकीकडे गेली. जावई बाजारात, विहीणबाई गॅलरीत लाल पेन हातात घेऊन वर्तमानपत्र तपासत बसलेल्या, आणि लेक न्हायला गेलेली. तिचे केस लांब. अर्धा तास तरी बाहेर यायची नाही. ओट्याच्या कोपऱ्यात फोन आणि घड्याळ शेजारी शेजारी चार्जिंगला लावलेले. लेक फोन कसा उघडते हे टाचणीने शंभरदा पाहिलं होतं. खाली, मग उजवीकडे. कोपरा मोजायचा गुण्या असतो तसा आकार. तिने बोट फिरवलं. उघडला.

यादीत एकच नाव होतं. आई. पुढे हिरवं बटण.

खाली लिहिलं होतं, आणखी व्यक्ती निवडा. ती स्वतःला शोधायला लागली. वरून खाली गेली, खालून वर आली. तेव्हा कुठे तिला ती सापडली: आई दुकान.

लेक कॉलेजात असताना टाचणीने पहिला मोबाईल घेतला होता आणि तो दुकानातच ठेवायची. घरी तेव्हा तारेचा फोन होता. म्हणून पोरीने दोन नंबर लिहिले, 'आई घर' आणि 'आई दुकान'. तारेचा फोन केव्हाच गेला, त्याच्याबरोबर घरही गेलं, दुकान राहिलं. फोन बदलले तसं ते नाव एका फोनातून दुसऱ्यात आपोआप येत राहिलं. पोरीच्या ध्यानीमनीही नसेल. हे सगळं टाचणीला उभ्याउभ्या कळलं, आणि कळून काडीचा उपयोग झाला नाही. ती आई, आणि मी दुकान. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिने आपल्या नावावर बोट दाबलं, पेन्सिलीची खूण आली, आणि तिने एकेक अक्षर उसवलं. न गेला, का गेला, दु गेला. आई राहिली. मग तिने स्वतःला यादीत घेतलं. आता दोन आई झाल्या, एकाखाली एक, दोघींपुढे हिरवं बटण.

इथे ती थांबली असती तर ही गोष्ट झाली नसती. पण गॅलरीतून विहीणबाईंनी हाक मारली, "बाळ, मला पेलाभर पाणी आणून देशील का?" बाळ! न्हाणीघरात पाणी वाहत होतं, बाळाला ऐकू जाण्यातलं नव्हतं. टाचणीचं बोट वरच्या आईवर गेलं. बटण करडं झालं. दोन-चार दिवस, तिने मनाशी म्हटलं, फक्त दोन-चार दिवस. फोन वाजून वाजून थांबला की कसं वाटतं ते बाईंनाही कळू दे.

मग तिने फोन होता तसा ठेवला, आणि पाणीही तिनेच नेऊन दिलं.

सोमवारी बारा वाजता तिने दार ओढून घेतलं, खुर्चीत नीट बसली आणि फोन लावला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला. आनंदाने तिला हसू फुटणार, तोच पलीकडून आवाज आला.

"हो आई, काय झालं? काही खाल्लंत का? अहो, आधी बसून घ्या. हात थरथरतायत का? गोळी तोंडात टाका. दाराची कडी काढलीत ना? फोन ठेवू नका, मी निघते."

लेकीचा असला आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आणि 'खाल्लंत', 'बसून घ्या', 'अहो'. जिच्या कुशीत वाढली तिला 'अहो' म्हणत होती.

"अगं, मी आहे," टाचणी म्हणाली.

"कोण?"

पोटच्या पोरीला आता काय नाव सांगायचं? तिच्या तोंडून निघून गेलं, "मी. दुकानातून."

"तू होय!" लेकीने श्वास सोडलेला ऐकू आला. "अगं, केवढी घाबरले मी. घड्याळावर नुसतं आई आलं. गोंधळच करतं मेलं. बरं, काय काम होतं?"

"काही नाही. असंच."

"असंच? हातात सॅम्पल आहेत गं. ठेवते."

झालं. हवं होतं ते मिळालं, मनगटावर जाऊन बसली, आणि पदरात काय पडलं, तर एक 'अहो' आणि एक 'कोण'.  खणाखणातल्या गोळ्या आता तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तो नाद नव्हता. बाईंची साखर एकदम उतरत असणार, आणि घरी दिवसभर एकट्या. कुणाला सांगायचं नाही असं त्यांनीच बजावलं असणार, मानी बाई. म्हणून त्या मनगटावर होत्या.

आणि आता नव्हत्या.

तिने तेव्हाच लेकीला सांगायला हवं होतं. हे तिलाही कळत होतं, ती काही वेडी नव्हती. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. तुझा फोन उघडला, नाव खोडलं, तुझ्या सासूला वगळलं. कुठल्या तोंडाने? संध्याकाळी सातला फोन येईल तेव्हा बोलता बोलता काढू, असं तिने ठरवलं. सात वाजले, साडेसात वाजले. शेवटी तिनेच लावला.

"अगं, दुपारी बोललो ना आपण?" लेक म्हणाली. "काही राहिलं का?"

म्हणजे दुपारचं ते अर्धं मिनिट संध्याकाळ गिळून बसलं होतं. टाचणीच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला, आणि रागाच्या भरात सांगायचं ते राहून गेलं. उद्या सांगू. मंगळवारीही उद्यावरच गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात. टाचणीच्या हातून मंगळवारी दोनदा सुई मोडली.

बुधवारी साडेअकराला पडद्याआड एक गिऱ्हाईक टाचण्या लावलेली पँट घालून उभं होतं आणि ती खाली बसून खडूने खूण करत होती. फोन वाजला. विहीणबाई. बाई तिला कधी फोन करत नसत.

"मी," विहीणबाई म्हणाल्या. मग नुसता श्वास. "तुमच्या... तिला... तीनदा. ती नाही. गोळी... झाकण... तुम्ही."

मुख्याध्यापिकेच्या वाक्यात क्रियापद नव्हतं. टाचणीच्या पायाखालची वाळू सरकली.

"दाराची कडी काढा," ती ओरडली, "आणि खाली बसा. आले मी." गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "पँट काढू नका, टाचण्या टोचतील. दुकान बघा." आणि निघाली. बिचारं गिऱ्हाईक तास-दीड तास टाचण्यांसकट उभं होतं, असं कव्हरवाल्याने नंतर सांगितलं.

दहा मिनिटांची वाट तिने कशी काटली ते तिला आठवत नाही. तीन जिने चढताना मनात एकच होतं, की बाई, तुम्हाला हवं ते घ्या, मनगट घ्या, आई म्हणवून घ्या, पण बोला. दार लोटलेलंच होतं. विहीणबाई चपलांच्या कपाटाला टेकून फरशीवर बसल्या होत्या. कपाळावर घामाचे थेंब, चेहरा पांढराफटक, मांडीवर फोन आणि मुठीत गोळ्यांची नळी. झाकण उघडलं नव्हतं. बोटंच धड चालत नव्हती.

टाचणीने ती नळी घेतली आणि झाकण दातांनी उपटलं. आयुष्यभर दातांत टाचण्या धरल्याचा एवढा तरी उपयोग झाला. एक गोळी, दुसरी गोळी, तिसरी. बाई चावताहेत, गिळताहेत, एवढं पाहिल्यावर आतून साखरेचं पाणी करून आणलं आणि त्यांचा हात धरून घोट घोट पाजलं. मग ती शेजारी फरशीवरच बसली आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

पाव तास झाला असेल. विहीणबाईंनी डोळे नीट उघडले, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही चप्पल घालायला विसरला आहात."

क्रियापदासकट. टाचणीचा जीव भांड्यात पडला आणि तिला रडू कोसळलं.

"मी काढलं तुम्हाला," ती म्हणाली. "तिच्या घड्याळातून. रविवारी, ती न्हायला गेली होती तेव्हा. म्हणून तुमचा फोन तिला कळला नाही. तुमचं नाव आई, आणि माझं दुकान. मला बघवलं नाही."

विहीणबाईंनी पदराने कपाळावरचा घाम पुसला. रागावल्या नाहीत, हे टाचणीला जास्त लागलं.

"तुम्हाला कशाचा हेवा वाटला ते मी सांगते," त्या म्हणाल्या. "मी फोन केला की ती लगेच उचलते, हे तुम्ही पाहिलंत. उचलून काय म्हणते ते ऐकलंत का?"

"काय झालं, म्हणते."

"साखर अशी उतरायला लागून आठ महिने झाले, तेव्हापासून मी तेवढंच ऐकते आहे. काय झालं. एकदा मला सहज विचारायचं होतं, येताना टोमॅटो आणतेस का. तिचा तो आवाज ऐकला आणि टोमॅटो मागायची मला लाज वाटली. तुमच्याशी ती जिन्यात उभी राहून बोलते. मला दाराआडून हसणं ऐकू येतं. मी तेव्हा पुस्तक उघडून बसते, पण वाचत नसते."

 टाचणीने पेला उचलून त्यांच्या हातात दिला, आणि विहीणबाईंनी तो घेतला.

लेकीला फोन तिनेच केला. दुसऱ्या घंटीला, "हो आई, काय झालं?"

"अगं, मी आहे. तुझ्या घरी आहे. त्यांना आता बरं आहे, बोलतायत. पण तू ये."

लेक कोटासकट आली. डावी बाही आखूड, उजवी लांब. आधी सासूचं बोट टोचून साखर पाहिली, आकडा पाहून खांदे सैल सोडले, मग आईकडे वळली. टाचणीने एका दमात सगळं सांगितलं. दुकान कसं खोडलं तेही. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता फोन काढला आणि यादी उघडली.

"तुला वर यायचं होतं तर मला म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

"मागून घेतलेलं काय कामाचं?"

"आणि न विचारता घेतलेलं?"

 लेकीने वरच्या आईचं बटण हिरवं केलं. "खाली तू आहेस," ती म्हणाली. "राहू देऊ का तुला?"

तीन दिवसांपूर्वी ह्या प्रश्नासाठी तिने काय वाटेल ते दिलं असतं. "नको," ती म्हणाली. "तुझा तो घाबरलेला आवाज मला नको. मला खिशात ठेव."

"आणि नाव? नुसती आई ठेवली तर पुन्हा गोंधळ होईल."

"दुकान लिही परत."

लेकीने लिहिलं. दु, का, न.  मग आईकडे न बघता सासूसाठी चपात्या करायला आत गेली, आणि टाचणी अनवाणी जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला फोन आला नाही. येणार नव्हताच, कारण तिने दुपारी केला नव्हता. करायची हिंमतच होईना. वाजून थांबला, आणि सातला उलटा आलाच नाही, तर? निदान न केला तर न आल्याचं दुःख नाही, असा उलटा शहाणपणा तिने नऊ दिवस चालवला. कव्हरवाल्याने विचारलं, घड्याळ घेताय ना? ती त्याच्यावर अशी खेकसली, की तो दोन दिवस दुकानाकडे फिरकला नाही. रोज सात वाजता ती मशीन थांबवायची, रस्त्यावरून जाणारी माणसं बघायची आणि पुन्हा चालू करायची. हेवा गेला होता असं नाही. दुपारी बारा वाजले की आता त्या मनगटावर कोण असेल, हे मनात यायचंच. फक्त आता त्याच्या पाठोपाठ तो गोळ्यांची नळी घट्ट धरलेला हात यायचा, आणि ती पुन्हा टीप मारायला घ्यायची.

दहाव्या दिवशी बाराला तिने फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. खिशात गेला.

सात वाजता तिच्या ओठांत पाच टाचण्या होत्या आणि हातात कुणाचा तरी कोट. फोन वाजला. तिने तो कानाशी धरला, पण तोंड उघडता येईना.

"अगं आई, फोन केला होतास ना?" लेक म्हणाली. आवाज अजून थोडा कडकच होता. मागे रहदारी ऐकू येत होती. "बोल."

टाचणीने एकेक टाचणी ओठांतून काढून टाचण्यांच्या उशीत खोवली.  सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "असंच."

 पलीकडे पावलं थांबली.

"मग असंच बोल," लेक म्हणाली, आणि रस्त्याकडेच्या बाकावर पिशवी टेकवल्याचा आवाज आला.